पेटी थांबली तरी सा जागेवर हवा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहायचं तर मी आमच्या गायनाच्या बाईंबद्दलच लिहिणार. आज धुळ्यात मी मुलांना गाणं शिकवतो. त्याचा पाया बाईंच्या तासालाच घातला गेला.

गोड गळ्याला बाईंकडे वेगळे गुण नव्हते. पेटीवर सा देऊन त्या आकारात, म्हणजे नुसतं 'आ' म्हणत, आरोह-अवरोह गायला लावत आणि मध्येच पेटी थांबवत. आपण गात राहायचं. अवरोह करून परत 'सा'वर आलो की त्या तीच पट्टी पुन्हा दाबत. सा जागेवर आहे की उतरलाय, ते सगळ्या वर्गाला ऐकू येई. उतरला असेल तर बाई रागवत नसत, एवढंच विचारत, "दम कुठे संपला?" आणि बहुतेकदा गोम तिथेच असे. श्वासाचा आधार सुटला की स्वर घसरतो. मग भिंतीला पाठ लावून उभं करायचं, हात बरगड्यांवर ठेवायला सांगायचं, श्वास घेताना खांदे वर जाऊ द्यायचे नाहीत. शब्द त्यांचे अहिराणी असत : "दम पोटमा धर, गयामा (गळ्यात) धरू नको!"

आमच्या वर्गातल्या मुली श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी मोकळ्या आवाजात म्हणत, पण तासाला 'सा' लावताना त्यांचा आवाज दबून जाई. बाईंनी त्यांना आधी कानबाईचं गाणं म्हणायला लावलं आणि लगेच तोच आवाज आकारात आणायला सांगितला. जबडा सैल, तोंड मोकळं, जीभ खाली. मुलींचा आवाज त्या दिवशी सर्वांत जास्त मोकळा झाला, असं मला आजही वाटतं.

आठवीत माझा आवाज फुटला. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण सप्तकभर खाली येतो. तो स्थिरावेपर्यंत वरचे स्वर मध्येच फाटतात. अशा मुलांना पुष्कळ ठिकाणी टाळ्या वाजवायला मागे बसवतात. बाईंनी मला पेटीच्या काळी चार या उंच पट्टीवरून खाली उतरवलं, मधल्या पाच स्वरांतच पलटे (स्वर उलटसुलट गायचा सराव) दिले, ओढून गायची सक्त मनाई केली आणि परीक्षाही तेवढ्याच स्वरांत घेतली. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे त्या पट्टी लिहीत, सा किती वेळ स्थिर राहिला ते लिहीत आणि पुढच्या खेपेला तुलना त्याच मुलाच्या आधीच्या नोंदीशी करत. शेजारच्याशी कधीच नाही. माझ्या मते संगीताचं मूल्यमापन करायची हीच खरी रीत आहे.

आता माझ्याकडे पालक येतात ते पहिल्याच आठवड्यात 'गांधर्वच्या (गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत) परीक्षेला कधी बसवणार' विचारत. परीक्षा चांगलीच आहे. पण राग पाठ आहे आणि सा डळमळतोय, अशा मुलाला मी थांबवतो. तानपुऱ्यासमोर बसवतो. खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या 'सा'च्या तारेतून गंधार ('ग' हा स्वर) आपोआप उमटतो, तो त्याला ऐकू येईपर्यंत पुढचं काही शिकवत नाही.

शाळेकडे एकच मागणं आहे. आठवी-नववीच्या मुलांचा गाण्याचा तास गणिताला देऊ नका. आवाज बदलतोय त्या वयातच त्यांना शिक्षक हवा असतो. संगीताच्या खोलीतल्या तानपुऱ्याला नव्या तारा लागणार असतील, तर त्या मी आणून, जवारी करून (तारेचा नाद खुलेल अशी घोडी घासून) बसवून देईन.