त्रापानीच्या मिठागरांवर

पालेर्मोहून निघालेली बस त्रापानीच्या जवळ आली आणि खिडकीतून पांढरे ढीग दिसायला लागले. बांधांनी पाडलेले चौकोनी वाफे, त्यांत उभं पाणी, कडेला मिठाच्या राशी. मी नवऱ्याचा हात घट्ट धरला. इटलीतल्या सिसिली बेटाच्या पश्चिम टोकाला आलो होतो, पण डोळ्यांपुढे उरण होतं. माझे आजोबा आयुष्यभर आगरावर राबले. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच आम्ही आगरी. आमच्याकडची बरीच आगरं माझ्या लहानपणीच भरावाखाली गेली. इथे मात्र सप्टेंबरच्या उन्हात माणसं अजून मीठ ओढत होती.

बेत खरं तर समोरच्या एगादी बेटांचा होता. पहिला दिवस मी मिठागरांना देऊन टाकला.

गावाच्या दक्षिणेला नूबिया नावाची वस्ती आहे. तिथे एका जुन्या पवनचक्कीच्या घरात मिठाचं संग्रहालय आहे. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात तापवायचं, दर टप्प्याला ते अधिक खारं होत जातं, आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. रीत हुबेहूब आपली. फरक असा, की आपल्याकडे भरती-ओहोटी मोठी, त्यामुळे बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, उघडली की उधाणाचं पाणी आपसूक आत येतं. भूमध्य समुद्राला भरती जेमतेम असते. म्हणून इथे पाणी चढवायला पवनचक्क्या लागल्या. त्यांच्या लाकडी पंखांवर कापडाची शिडं बांधत, आणि त्याच चक्क्या मीठही दळत. पावसापासून राशी वाचवायला त्यांवर भाजलेली कौलं रचतात. आमच्याकडे गवताने शाकारत. काही वाफ्यांतलं पाणी गुलाबी दिसतं, ते अतिखाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. लांब रोहित पक्षी उभे होते. १९९५ पासून हा सगळा भाग राखीव आहे, मिठाचं काम मात्र थांबवलेलं नाही. हे मला फार पटलं. आगर राखायचं तर त्यावर मीठ पिकत राहिलं पाहिजे.

त्रापानी गाव समुद्रात घुसलेल्या अरुंद पट्टीवर वसलंय. ग्रीक लोक त्याला ‘द्रेपानोन’ म्हणत, म्हणजे कोयता, आणि नकाशात ती पट्टी तशीच वाकडी दिसते. पट्टीच्या टोकाला १६७१ मध्ये बांधलेला लिन्यी बुरूज आहे. तिथे संध्याकाळी दोन्ही बाजूंनी पाणी आणि समोर एगादी बेटं. रात्री कुसकुस खाल्लं. रव्याचे दाणे हाताने वळून, वाफवून, वर माशांचं कालवण ओततात. ट्युनिशिया समोरच, त्यामुळे हे उत्तर आफ्रिकेचं जेवण इथे घरचं झालंय. कालवणात बदाम आणि लसूण होता. मी दोनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या हायड्रोफॉइलने, म्हणजे वेगवान बोटीने, अर्ध्या तासात एगादींपैकी फावीन्याना बेट. उतरल्याबरोबर बंदरावर दिसतो तो फ्लोरिओ घराण्याचा ट्यूना कारखाना. इग्नाझिओ फ्लोरिओ यांनी १८७४ मध्ये ही बेटंच विकत घेतली. तेलात मुरवलेला ट्यूना डब्यांत भरून इथून जगभर जायचा. आता आत संग्रहालय आहे. उंच कमानी, चिमण्या, आणि काळ्या पडलेल्या होड्या ओळीने ठेवलेल्या. वसंतात मासे या बेटांजवळून जात, तेव्हा जाळ्यांच्या खोल्यांमागून खोल्या करून त्यांना शेवटच्या जाळ्यात आणत आणि गाणी म्हणत ओढून वर काढत. त्याला ‘मात्तान्झा’ म्हणायचे. शेवटची इथे २००७ मध्ये झाली. होड्यांच्या म्होरक्याला ‘राईस’ म्हणत. मूळ अरबी शब्द, आपल्या ‘रईस’चाच सख्खा भाऊ. आपल्या किनाऱ्यावर त्याला तांडेल म्हटलं असतं. भिंतीवर त्या माणसांचे फोटो आहेत, तळव्यांना घट्टे पडलेले. मी बराच वेळ त्यांच्यासमोर उभी होते.

याच कारखान्यात समुद्रतळावरून काढलेलं एका युद्धनौकेचं काशाचं नाकाड, शत्रूच्या नौकेला धडक द्यायचं, ठेवलंय. इ.स.पू. २४१ मध्ये रोमने इथे उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचं आरमार बुडवलं आणि त्या दोघांमधलं पहिलं प्युनिक युद्ध संपलं.

भाड्याच्या सायकली घेऊन काला रोस्सा गाठलं. लाल खाडी असा अर्थ. त्या लढाईतल्या रक्ताने पाणी लाल झालं म्हणून हे नाव, असं सांगतात. आता तिथलं पाणी इतकं निळं आणि नितळ, की तळाचा दगड मोजावा. वाळू नाही. कातळाच्या पायऱ्यांवरून जपून उतरायचं. भोवतीचा सगळा डोंगर म्हणजे जुनी चिरेखाण. पिवळसर मऊ दगडाचे चौकोनी चिरे काढून ते जहाजांतून सिसिलीत नि ट्युनिशियात नेत. कोकणात जांभ्याच्या खाणीत दिसतात तशाच सरळ कापलेल्या भिंती, फक्त रंग मधासारखा. गावात जुन्या खाणींत खाली बागा लावल्यात, वाऱ्यापासून आडोसा म्हणून. पोहायचंच असेल आणि सोबत मुलं असतील, तर दक्षिणेचा लिदो बुर्रोने बरा. तिथे वाळू आहे.

मार्सालाला आम्ही घाईत गेलो. ‘मर्सा’ म्हणजे अरबीत बंदर. ११ मे १८६० रोजी इटलीच्या एकीकरणासाठी लढणारा गॅरिबाल्डी आपले हजार सैनिक घेऊन इथेच उतरला. त्यापेक्षा मला मार्सालाच्या उत्तरेचं मोत्झिया लक्षात राहिलं. उथळ खाजणातलं हे छोटं बेट फिनिशियनांचं, म्हणजे प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांचं, शहर होतं. इ.स.पू. ३९७ मध्ये सिसिलीतल्याच सिराक्यूजचा सत्ताधीश डायोनिशियस याने ते उद्ध्वस्त केलं. बेटाकडे जाणारा फिनिशियनांचा रस्ता अजून पाण्याखाली आहे. बेटावरच्या संग्रहालयात १९७९ मध्ये सापडलेला एका तरुणाचा संगमरवरी पुतळा उभा आहे. अंगावरच्या वस्त्राच्या बारीक चुण्या पाहून वाटतं, हे कापड ओलं आहे.

बाबांसाठी जाड्या मिठाची एक पिशवी आणली होती. लहानपणी तेही आजोबांसोबत आगरावर जायचे. त्यांनी खडा दोन बोटांत धरून उजेडाकडे केला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

“पानी किती दिस तापवलंय यांनी?” त्यांनी विचारलं.

मग दुसरा खडा उचलला.