आमची वाटचाल : पाच खाती, एक खिडकी

2009च्या डिसेंबरात थंडरबर्ड 3 हे मेल बघायचं सॉफ्टवेअर आलं आणि सगळ्या खात्यांचे इनबॉक्स एकत्र दिसायची सोय झाली. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांना हेच हवं होतं. चौकशी एका पत्त्यावर, ड्रॉइंग दुसऱ्यावर, बिलांचा तगादा तिसऱ्यावर, शिवाय मालकांचं घरचं जीमेल. आम्ही पहिलं जोडून दिलं ते अण्णांच्या फाउंड्रीत, पाच खाती. पुढची वर्षं एएमसीवर, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारांवर, बरी गेली.

मग एका सकाळी अण्णांचा फोन. "आरं, सेल्सचा एक बी मेल दिसंना झालाय." जाऊन बघतो तर बाकी चार खात्यांचे मेल जागेवर, सेल्सचं रिकामं. आदल्या दिवशी दुसऱ्या एका सर्व्हिसवाल्याने अण्णांच्या अकाउंट्स विभागात नवा पीसी बसवला होता. त्याने सेल्सचं खातं पॉपने, म्हणजे मेल पीसीवर उतरवून घ्यायच्या पद्धतीने, 995 नंबरच्या पोर्टवर जोडलं आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची टिक काढून टाकली. मेल तिथे उतरले आणि सर्व्हरवरून पुसले गेले. आमची पद्धत आयमॅपची, तिच्यात सर्व्हरवर असेल तेच दिसणार. एकत्र इनबॉक्समध्ये स्वतःचं काहीच साठत नाही, पाच खात्यांवर उघडणारी ती खिडकी आहे. पण त्या माणसाने वसाहतभर केलं, "यांची पद्धतच मेल खाते." महिन्यात सहा एएमसी गेल्या. भागीदाराने हिशेब मागितला आणि तो वेगळा झाला.

अण्णा मात्र हलले नाहीत. त्याच पीसीवर तेच खातं आयमॅपने, 993च्या पोर्टवर शेजारी जोडलं आणि उतरलेले मेल शंभर-शंभरच्या गठ्ठ्यांनी ओढून परत सर्व्हरवर चढवत बसलो. जास्त ओढले की कनेक्शन तुटायचं. अण्णा रात्रभर शेजारी खुर्ची टाकून. रात्रपाळीचा चहा दोनदा आला. पहाटे जर्मनीच्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग दिसलं, तेव्हा त्यांनी पाठीवर हात ठेवला. सकाळी वर्षाचा चेक आगाऊ दिला. त्यातूनच गाळ्याचं थकलेलं भाडं भागलं.

एकत्र मेल बघणाऱ्यांनी एवढं कराच. उत्तर मेल आलेल्या पत्त्यावरूनच जातं, पण नवा मेल लिहिताना मुख्य खात्याचा पत्ता बसतो. पाठवण्याआधी 'फ्रॉम' वाचा. कोटेशन भलत्याच फर्मच्या नावाने गेलेलं मी पाहिलंय. एकत्र यादीतून पुसलं की मूळ खात्यातूनही जातं. आणि पासवर्ड स्वतः टाइप करा, आम्हालासुद्धा सांगू नका.

सहापैकी चौघं परत आले. त्या माणसाने आजवर चूक कबूल केलेली नाही. अण्णांच्या टेबलावर आता सात खाती एकत्र दिसतात. सातवं नातवाच्या नव्या मशीन शॉपचं, तेही मीच जोडलं.