बारावीनंतर सैन्यदलाच्या खर्चाने इंजिनिअरिंग: फॉर्म नेमका कुठे अडतो

आपल्याकडे बारावी सायन्सला एक ठरलेला हिशेब असतो: इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडला सीईटी पुरते, मग जेईईची डोकेदुखी कशाला? या हिशेबात दोन दारं आपोआप बंद होतात. एक लष्कराची टेन प्लस टू टेक्निकल एंट्री, म्हणजे टीईएस. दुसरी नौदलाची टेन प्लस टू बी.टेक. कॅडेट एंट्री. दोन्हीकडे यूपीएससीची लेखी परीक्षा नाही. इंजिनिअरिंगची पदवी जेएनयूची मिळते, शिक्षणाचा खर्च दल करतं आणि शेवटी अधिकारी म्हणून कमिशन मिळतं. पण जेईई मेन दिलेली नसेल तर बाकीचं कितीही चांगलं असो, फॉर्मच भरता येत नाही. बारावीत ९५ टक्के असोत की सीईटीला ९९ पर्सेंटाइल, इथे त्याचा उपयोग शून्य. जेईईच्या जानेवारी सत्राचं रजिस्ट्रेशन साधारण दिवाळीच्या आसपास असतं, एप्रिल सत्राचं फेब्रुवारीच्या आसपास. दोन्ही चुकली तर मे महिन्यात फक्त हळहळ उरते.

टीईएसची पात्रता थोडक्यात अशी. अविवाहित मुलगा, कोर्स सुरू होण्याच्या तारखेला वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावी उत्तीर्ण आणि फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स या तिन्हींत मिळून ६० टक्के, म्हणजे महाराष्ट्र बोर्डाच्या ३०० पैकी १८० गुण. फक्त बारावीचे गुण धरतात. अकरावीचे नाही, इंग्रजी किंवा बायोलॉजी मिसळून काढलेली टक्केवारीही नाही. ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’चा आकडा टाकणारे बरेच असतात. एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीत, कागद तपासताना तो उघडा पडतो आणि मुलगा तिथूनच परत फिरतो. बारावीचा निकाल लागायचा असताना एनडीएचा फॉर्म भरता येतो, टीईएसला ते चालत नाही.

६० टक्के ही फक्त अर्ज करण्याची अट आहे. एसएसबीला कुणाला बोलवायचं याचा कटऑफ लष्कर नंतर ठरवतं आणि तो बराच वर असतो. जागा एका कोर्सला साधारण ९०. वर्षातून दोनदा अर्ज निघतात: मे-जूनमध्ये जानेवारीच्या कोर्ससाठी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जुलैच्या कोर्ससाठी.

नौदलाचं गणित वेगळं आहे. तिथे पीसीएममध्ये ७० टक्के, म्हणजे ३०० पैकी २१०, आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के लागतात. एसएसबीचं बोलावणं जेईई मेनच्या रँकवर येतं. रँक म्हणजे कॉमन रँक लिस्टमधली, कॅटेगरीची नव्हे. जानेवारीच्या सत्रानंतर हातात येतं ते पर्सेंटाइल. रँक लागते एप्रिलच्या सत्राचा निकाल आल्यावर. रँकच्या रकान्यात पर्सेंटाइल किंवा ओबीसी रँक टाकणं ही नौदलाच्या फॉर्ममधली नेहमीची चूक आहे, आणि नंतर ती दुरुस्त होईल या भरवशावर राहू नका. ही एंट्री मुलींनाही खुली आहे, टीईएस अजून मुलांपुरतीच. प्रशिक्षण केरळात एळिमलाच्या नौदल अकादमीत चार वर्षं. पुस्तकं, गणवेश, जेवण सगळं नौदलाकडून.

टीईएसही आता चार वर्षांची आहे. आधी पाच होती आणि पहिलं वर्ष गयेच्या प्रशिक्षण अकादमीत जायचं. जुन्या व्हिडिओंमध्ये अजून तेच सांगतात, ते सोडून द्या. आता तीन वर्षं लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, म्हणजे पुण्याचं सीएमई, महूचं एमसीटीई किंवा सिकंदराबादचं एमसीईएमई, आणि एक वर्ष डेहराडूनच्या आयएमएमध्ये, म्हणजे इंडियन मिलिटरी अकादमीत. तीन वर्षं पूर्ण झाली की दरमहा ५६,१०० रुपये स्टायपेंड सुरू होतो. मध्येच स्वतःच्या मर्जीने सोडलं तर मात्र प्रशिक्षणाचा खर्च भरून द्यावा लागतो. ही अट पालकांनी सही करण्याआधी वाचावी, नंतर नाही.

आता कागदपत्रं. मराठी घरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आपल्याकडे जन्मतारखेचा पुरावा म्हटलं की हात जातो शाळा सोडल्याच्या दाखल्याकडे. लष्कराला तो चालत नाही. लिव्हिंग सर्टिफिकेट, हॉल तिकीट, नुसती मार्कशीट, यातलं काहीच चालत नाही. हवं ते दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, ज्यावर जन्मतारीख छापलेली आहे. मार्कशीट सगळे जपतात, पण हे प्रमाणपत्र कित्येकदा शाळेतून नेलेलंच नसतं. आजच कपाट उघडून बघा. नसेल तर आधी शाळेत विचारा. हरवलं असेल तर विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत काढावी लागते आणि त्यात आठवडे जातात.

दुसरं नाव. महाराष्ट्र बोर्डाच्या कागदांवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकांचं आडनाव शेवटी. फॉर्ममध्ये दहावीच्या प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच नाव टाकायचं, अक्षर न् अक्षर. ‘दीपक’ एका कागदावर डबल ई लावून आणि दुसऱ्यावर आय लावून असेल तर आधार बदलून घ्या. आधार काही दिवसांत बदलतं, बोर्डाचं प्रमाणपत्र बदलायला जीव जातो.

लष्कराच्या साइटवर फॉर्म भरताना एक बारीक खोच आहे. सबमिट केल्यावर काहीतरी दुरुस्त करायला फॉर्म पुन्हा उघडला, तर पुन्हा सबमिट दाबावंच लागतं. स्पेलिंग बघायला म्हणून उघडायचा आणि टॅब बंद करायचा, यात पूर्ण भरलेला अर्ज अर्धवट राहतो. रोल नंबर असलेली प्रिंट मुदत संपल्यानंतर अर्ध्या तासाने निघते. तिच्या दोन प्रती काढा. एक एसएसबीला द्यायची, एक आपल्याजवळ ठेवायची.

कॉलेजचा प्रश्न यातच येतो. जानेवारीच्या कोर्सचा अर्ज जूनमध्ये, एसएसबी पावसाळ्यात किंवा त्यानंतर, आणि तोवर मुलगा कुठल्या तरी कॉलेजात पहिल्या वर्षाला बसलेला. प्रवेश घ्यावाच, कारण एसएसबीतून निवड होणारे थोडे असतात. पण प्रवेशाच्या वेळी कॉलेजला ओरिजिनल कागद दिले असतील तर ते परत घ्या. एसएसबीला झेरॉक्स चालत नाही. आणि कॅपची कटऑफ तारीख उलटल्यावर प्रवेश रद्द केला तर फी परत मिळत नाही, तो खर्च आधीच धरून चाला.

एसएसबी पाच दिवसांची. तिच्यावर क्लासवाले भरपूर बोलतात, म्हणून एकाच गोष्टीवर थांबतो: पीआयक्यू फॉर्म. तिथे गेल्यावर हा हाताने भरायचा असतो. त्यात शाळांची नावं, टक्केवारी, वडिलांचं उत्पन्न, खेळ, छंद, जिल्ह्याचं ठिकाण. मुलाखत घेणारा अधिकारी याच कागदावरून प्रश्न काढतो. छंद म्हणून ‘ट्रेकिंग’ लिहिलं तर राजगडावर कुठल्या वाटेने चढलात, पाणी कुठे भरलंत, किती वेळ लागला, इथपर्यंत गाडी जाते. सिंहगडावर एकदा बाइकने जाऊन आलेल्याने ट्रेकिंग लिहू नये. शेतात काम करत असाल तर ते लिहा. त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याजवळ आहेत.

परतीचं तिकीट आधी काढू नका. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये बाहेर पडणारा त्याच दिवशी निघतो. रिकमेंड झालेला, म्हणजे एसएसबीने निवडलेला, मेडिकलसाठी आणखी काही दिवस थांबतो, तेव्हा कपडे त्या हिशेबाने न्या. त्या प्रकारच्या एंट्रीची एसएसबी पहिल्यांदा देणाऱ्याला एसी थ्री टियरचं भाडं मिळतं, म्हणून तिकीट फेकू नका.

मेडिकलमध्ये फार क्षुल्लक गोष्टींनी लोक अडकतात. कानात मळ असला तर डॉक्टरला पडदा दिसत नाही आणि शेरा बसतो तात्पुरत्या अपात्रतेचा. जाण्याआधी महिनाभर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे एकदा जाऊन या, घरी काडी घालू नका. वजन जास्त असेल तर तेही तात्पुरतंच धरतात, पण अपिलासाठी ४२ दिवस असतात आणि तेवढ्यात बारा किलो उतरत नाहीत. चष्मा काढायला लेसर करू नका. वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली ती शस्त्रक्रिया सैन्याला चालत नाही, आणि या एंट्रीला येणारा प्रत्येक जण विसाच्या आतलाच असतो. दंडावर गोंदवून घेतलेलं नावही नडतं. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच जागी टॅटू चालतो.

मेडिकल फिट झालं की घरी पेढे वाटले जातात. जरा थांबा. रिकमेंड आणि फिट अशा सगळ्यांची मेरिट लिस्ट लागते आणि जागा असतील तितक्यांनाच जॉइनिंग लेटर येतं. ते हातात येईपर्यंत कॉलेजची हजेरी चालू ठेवा आणि पुढच्या टर्मचा फॉर्मही भरून ठेवा.