खाऱ्या पाण्याचा धंदा : आमची वाटचाल

शनिवारी सकाळी आमच्या दुकानासमोर जे ग्राहक उभे असतात, त्यांच्या हातात माशांच्या पिशव्या नसतात, २० लिटरचे रिकामे जार असतात. घरच्या टाकीत ठेवायचे समुद्री मासे आणि कोरल, म्हणजे प्रवाळ, विकून आमचं चालतं असं बाहेरून वाटतं. पण दुकानाचं भाडं, दोन पोरांचे पगार आणि विजेचं बिल, हे सगळं खाऱ्या पाण्यावर निघतं. डोंबिवलीत नळाला गोडं पाणी वेळेवर आलं तरी माणसं खूश होतात. इथे लोक खारं पाणी विकत न्यायला येतील असं कोणी म्हटलं असतं, तर बाबांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

बाबांचं दुकान काचेचं. खिडक्यांची तावदानं, आरसे, देवांच्या तसबिरी. पुढे घरोघरी गोल्डफिश आले, तेव्हा ते टाक्या चिकटवून देऊ लागले, आणि मी शाळेतून आल्यावर काचेच्या कडा घासून द्यायचो. गोड्या पाण्याच्या टाकीत फार कमाई नव्हती. शेजारी दुसरं दुकान उघडलं की भाव पडायचा. खाऱ्या पाण्याचं काम आमच्याकडे आलं ते आखातातून परतलेल्या एका ग्राहकामुळे. तिकडे त्याने घरात रीफ टँक, म्हणजे मासे आणि कोरल असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, पाहिला होता. इथे चौकशी केली तर लाखाच्या खाली कोणी बोलेना. त्याने मला सरळ विचारलं, “दादा, यात नेमके लाख रुपये जातात कुठे?”

त्या प्रश्नाचं उत्तर शोधत आमचा धंदा उभा राहिला. मी एकेक गोष्ट कागदावर मांडली. टाकी, स्टँड, दगड, दिवा, पंप, चिलर (पाणी गार ठेवणारं यंत्र), मीठ, पाणी, जीव. यातल्या कशात हात आखडता घेता येतो आणि कशात नाही, हे ठरवणं हेच आमचं खरं काम.

टाकीत वाचवता येतं, कारण काच घरचीच. आमची ठरलेली टाकी २४ बाय १८ बाय १८ इंचांची, ८ मिलिमीटर काचेची, जेमतेम १२७ लिटरची. खाली पाणी गाळायची वेगळी टाकी, म्हणजे संप, न देता मागच्या बाजूला काळ्या ॲक्रिलिकचा कप्पा काढतो. पंप, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा), फिल्टर सगळं त्यात. पैसे वाचतात ते वेगळंच, पण खरं कारण निराळं आहे. संप असला आणि ओव्हरफ्लोचं गणित चुकलेलं असलं, तर वीज गेल्यावर वरचं पाणी सायफनने खाली उतरतं आणि मग तिसऱ्या मजल्यावरचा समुद्र दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या बैठकीत जातो. मागच्या कप्प्यात ती भानगडच नाही. स्टँड लोखंडाचा करत नाही, मीठ त्याला खातं. कडप्पा लावून घ्या म्हणून सांगतो. ओटा बांधणारा कोणताही मिस्त्री ते काम करून देतो, आणि भरलेल्या टाकीचं पावणेदोनशे किलोच्या आसपास जाणारं वजन कडप्पा निमूट पेलतो.

दगडाबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. परदेशातले व्हिडिओ पाहून माणसं ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे समुद्रातून काढलेला जिवाणूंसकटचा दगड, मागतात. कोणी रामेश्वरच्या सहलीतून आणलेले पांढरे कोरलचे तुकडे घेऊन येतं, “हेच टाका ना आत.” दगडी प्रवाळ २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. समुद्रघोडाही याच कायद्याने संरक्षित. तेव्हा त्या वाटेला जायचं नाही, हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं. दगड आम्ही स्वतः पाडतो. पांढरं सिमेंट एक भाग, शिंपल्यांचा चुरा तीन-चार भाग आणि वर खडेमीठ. चुरा मिळतो कोंबडीखाद्याच्या दुकानात, अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून कोंबड्यांना देतात तोच. मिश्रण ओल्या वाळूच्या साच्यात ओतायचं. सुकल्यावर पाण्यात टाकलं की मीठ विरघळतं आणि दगडाला भोकं पडतात. त्या भोकांतच पुढे जिवाणू राहायचे असतात. पण सिमेंटचं पाणी सुरुवातीला इतकं अल्कधर्मी असतं की त्यात काही जगणार नाही. पाणी बदलत बदलत पीएच ८.३ च्या आसपास उतरेपर्यंत दीड-दोन महिने जातात. घाई असणाऱ्याला हे दगड आम्ही देतच नाही.

दिवे एके काळी आम्ही बनवायचो. लॅमिंग्टन रोडवरून ३ वॉटचे एलईडी आणायचे, ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवायचे, निळे जास्त आणि पांढरे कमी. कोरलच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश मानवतो, त्यामुळे टाकी निळी दिसते, शोभेसाठी नव्हे. पुढे तयार चिनी दिवे इतके स्वस्त झाले की आमच्या डागकामाची मजुरीच त्याहून जास्त पडू लागली. बंद केलं. स्वतः बनवलेलं ते स्वस्तच, हा समज आपल्याकडे फार आहे.

चिलरचा प्रश्न मोठा. पंचवीस-तीस हजारांचं यंत्र, वर विजेचं बिल. पाणी २४ ते २७ अंशांत राहिलं पाहिजे आणि एप्रिल-मे, झालंच तर ऑक्टोबर, या महिन्यांत आमच्याकडे खोलीच ३४-३५ वर असते. आमचा उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे कॉम्प्युटरचे छोटे पंखे. बाष्पीभवनाने माठ जसा गार होतो तसंच हे. यातली गंमत आम्हाला पुण्याचे ग्राहक मिळाल्यावर कळली. पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, पण हवा कोरडी. पंख्यावर टाकी २६ च्या आसपास येते. डोंबिवलीत पारा पाच अंशांनी कमी, पण खाडीची दमट हवा पाण्याला उडूच देत नाही. कसंबसं २८-२९ वर थांबतं. म्हणून पुणेकराला चिलर घेऊ नका असं ठामपणे सांगतो आणि ठाणे-डोंबिवलीकराला म्हणतो, दिवे दुपारी बंद ठेवा, संध्याकाळी चार ते मध्यरात्र लावा, झाकण काढा आणि २९ अंश सोसतील असेच जीव ठेवा. पावसाळ्यात पंख्याचा जोर कमी पडतो, पण तेव्हा खोलीच निवलेली असते.

पंखा लावला की रोज दोन-तीन लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याने. त्यासाठी विकत मिळणारी सेन्सरवाली यंत्रं महाग. आम्ही डेझर्ट कूलरचा प्लॅस्टिकचा फ्लोट लावून देतो. वर्षातून एकदा बदलायचा.

आता ज्यात हात आखडता घेता येत नाही ते. पहिलं मीठ. “काका, भाईंदरच्या मिठागरातलं चालेल ना? तेही समुद्राचंच की,” हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. माझी बायको बीएस्सी केमिस्ट्री आहे, हे उत्तर तीच देते. मिठागरात पाणी आटतं तेव्हा कॅल्शियम बराचसा आधीच जिप्सम होऊन तळाशी बसतो आणि मॅग्नेशियम शेवटी उरलेल्या कडू पाण्यात निघून जातो. मधे जमतं ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. जेवणाला तेच हवं, कोरलला नको. कोरलच्या पाण्यात लिटरमागे कॅल्शियम ४२० मिलिग्रॅमच्या आसपास आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास लागतो. रीफ सॉल्ट हे या सगळ्याचं मोजून केलेलं मिश्रण, आणि लिटरला साधारण ३७ ग्रॅम पडतं. बाहेरून येतं म्हणून महाग आहे. एका लिटरला मिठाचाच खर्च दहा-बारा रुपये होतो.

दुसरा प्रश्न ठरलेलाच, समुद्र इतका जवळ आहे तर थेट पाणीच का आणू नये? मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी गाळाचं आणि सांडपाण्याचं, पावसाळ्यात तर अर्धं गोडं. यावर एकाने मला ऐकवलं होतं, “मग हाजी अलीला कोरल कसे आहेत?” बरोबर आहे, आहेत. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या. पण ते गढूळ पाण्यात पिढ्यान्पिढ्या तगलेले चिवट जीव. शिवाय त्यांना दिवसातून दोनदा भरती येऊन धुऊन जाते. आपल्या टाकीला भरती येत नाही.

घरच्या आरओचं पाणी चालेल असंही बहुतेकांना वाटतं. त्या यंत्रात चवीसाठी थोडं कच्चं पाणी पुन्हा मिसळायचा स्क्रू असतो आणि वर मिनरलचं कार्ट्रिज. त्यामुळे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५०-६० निघतो आणि त्यातल्या नायट्रेट-फॉस्फेटवर टाकीत हिरवं शेवाळ माजतं. पाणी शून्य टीडीएसचं हवं असेल तर आरओच्या मेम्ब्रेनच्या पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार शोषणारे दाणे, लागतं. प्रत्येक ग्राहकाने हे घरी बसवायचं, मीठ पाच किलोच्या पिशवीत महाग दराने घ्यायचं, रात्रभर ढवळायचं, खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्यायचा आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवायचा, एवढा खटाटोप. (नाशिकचे एक द्राक्ष बागायतदार आपला ब्रिक्सवाला मीटर घेऊन आले होते. साखर उत्तम मोजतो, पण त्यावरची पट्टी मिठाच्या कामाची नाही.)

मग बायकोनेच एकदा हिशेब मांडला. मीठ आपण मोठ्या बॅरलने घेतलं, आरओ-डीआयचा एकच मोठा प्लँट बसवला आणि तयार खारं पाणी जारमध्ये दिलं, तर ग्राहकाला घरी बनवण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि आपल्यालाही लिटरमागे काही सुटतं. एका छोट्या टाकीला दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं म्हणजे बारा-तेरा लिटर. शंभर ग्राहक झाले की त्याचं दूधवाल्यासारखं रतीब बसतं. तसंच झालं. मासा माणूस एकदा नेतो आणि नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं परत येत नाही. पाण्यासाठी मात्र दर शनिवारी येतो. त्यामुळे आमचा स्वार्थ ग्राहकाचा मासा जगण्यात आहे, मरण्यात नाही. या धंद्यात हे सगळीकडे तसं नसतं, एवढंच म्हणतो.

त्यामुळेच आम्हाला एक नियम परवडला. टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे मासा विकत नाही. कच्च्या कोळंबीचा तुकडा आत टाकतो. त्याचा अमोनिया होतो, एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय पावती फाडत नाही. आधी काचेवर तपकिरी थर येतो, मग हिरवा. तो दिसला की गोगलगायी आणि हर्मिट खेकडे सोडतो. या नियमापायी बरेच ग्राहक दुसऱ्या दुकानात गेले. काही परत आले, मृत मासे मोजून.

जीवांची यादी आम्ही लहान ठेवली आहे. कोरलमध्ये झोॲन्थिड, मशरूम, ग्रीन स्टार पॉलिप, झेनिया, लेदर. हे सगळे मऊ, कॅल्शियमचा कठीण सांगाडा न बांधणारे, म्हणून नुसतं पाणी बदललं तरी त्यांचं भागतं, वर कॅल्शियम थोडं थोडं सोडणारा डोसिंग पंप लागत नाही. झेनिया तर गवतासारखी पसरते. २०२० च्या मार्चमध्ये विमानं थांबली आणि चेन्नईहून येणारा माल बंद झाला, तेव्हा ग्राहकांनी आपापल्या टाकीतले तुकडे कापून आमच्याकडे ठेवायला सुरुवात केली. एक तुकडा द्या, दोन जार पाणी न्या. ती अदलाबदल अजून चालू आहे, आणि कोरलसाठी आता आम्ही बाहेर फारसा खर्च करत नाही.

माशांत क्लाउनफिशलाच मागणी. हा मासा नर म्हणून वाढतो, जोडीतला मोठा आणि वरचढ तो मादी होतो, त्यामुळे जोडी लावायला डोकं खाजवावं लागत नाही. एक मोठा, एक लहान घ्यायचा. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा हॅचरीतला मासा नेहमी बरा. दाणे खातो, रोग कमी आणतो. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात मँग्रोव्ह फाउंडेशन आणि राष्ट्रीय मत्स्य अनुवंश संसाधन ब्यूरोने क्लाउनफिशची हॅचरी उभारली, तेव्हा आम्हालाही हुरूप आला. सध्या बायको मागच्या खोलीत रोटिफर, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, वाढवते आहे. क्लाउनफिशची अंडी आठवड्या-दीड आठवड्यात रात्रीच्या अंधारात फुटतात आणि पिल्लांना पहिले दिवस तेवढंच खाणं चालतं. पिल्लं विक्रीला आलेली नाहीत, आगाऊ नोंदणी घेत नाही.

१२७ लिटरचा पूर्ण संच, टाकी, कप्पा, दिवा, पंप, पंखे, दगड आणि पहिलं पाणी धरून, तीस हजारांच्या आत बसवायचा प्रयत्न असतो. डॉलर वर गेला की मिठाचा भाव हलतो, तेवढं समजून घ्यावं. लोडशेडिंग असलेल्या भागातल्या माणसाने बॅटरीवर चालणारा एअर पंप वेगळा घ्यावाच. खाऱ्या कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, दोन-तीन तास पाणी थांबलं तर भारी पडतं. दुकानात यायच्या आधी घरच्या आरओचं पाणी एका बाटलीत घेऊन या. टीडीएस आम्ही फुकट तपासून देतो, आणि त्यावरून तुम्हाला आमचं पाणी लागणार की नाही हेही तिथल्या तिथे सांगतो.