चार रात्री, पूर्ण लांबीच्या
घरात आहे तीच गोष्ट पुन्हा विकत घेणारा माणूस घरच्यांच्या लेखी फारसा शहाणा नसतो, आणि 'डिलक्स आवृत्ती' हा प्रकार अशाच माणसांच्या भरवशावर चालतो. ध्वनिमुद्रण तेच, वेष्टन तेवढे जाडजूड, सोबत चार छायाचित्रे आणि किंमत मात्र दणदणीत, असा बहुतेक वेळा मामला असतो. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'माइल्स डेव्हिस ॲट फिलमोर' या १९७० सालच्या अल्बमची २०१४ मध्ये निघालेली चार सीडींची पेटी या नियमाला अपवाद आहे, कारण ती मूळ अल्बमशी चक्क वाद घालते.

न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यूवरचे 'फिलमोर ईस्ट' हे तेव्हा बिल ग्रॅहम यांचे रॉक संगीताचे थिएटर होते. तिथे १७ ते २० जून १९७० या चार रात्री माइल्सचा वाद्यवृंद वाजला, तोही गायिका लॉरा नायरो यांच्या कार्यक्रमाआधी. चाळिशी ओलांडलेल्या, जॅझमधले सगळे मानमरातब मिळवलेल्या या माणसाने लांब केसांच्या पोरांसमोर कुणाच्या तरी आधी वाजायला उभे राहावे, याचे मला अजूनही कौतुक वाटते. रोजचे वादन पाऊण तासाच्या आसपास चाले. निर्माता टिओ मॅसेरो याने ध्वनिफिती कापून-जोडून प्रत्येक रात्रीची एकेक बाजू केली, आणि दोन तबकड्यांच्या चार बाजूंना बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशी वारांची नावे मिळाली. एलपीच्या एका बाजूवर साधारण पंचवीस मिनिटेच नीट मावतात, तेव्हा जवळजवळ निम्मे संगीत कात्रीखाली गेले.

पेटीत ते सगळे परत आले आहे. रोज सुरुवात जो झाविनुल यांच्या 'डायरेक्शन्स'ने होते. त्यानंतर 'द मास्क' येते आणि मग 'इट्स अबाउट दॅट टाइम'. मध्ये थांबणे नाही, टाळ्यांना जागा नाही; माइल्स ट्रम्पेटवर पुढच्या रचनेची एखादी ओळ नुसती सुचवतो आणि सगळे जण तिकडे वळतात. 'द मास्क'मध्ये तर कित्येक मिनिटे धड ताल नाही की धड धून नाही. चिक कोरियाचा इलेक्ट्रिक पियानो रिंग मॉड्युलेटर या आवाज वेडावाकडा करणाऱ्या उपकरणातून करकरत असतो, कीथ जॅरेट ऑर्गनवर त्याला चिडवल्यासारखा वाजवतो (पुढे याच जॅरेटने विद्युतवाद्यांकडे पाठ फिरवली), आणि आयर्टो मोरेरा आपल्या तालवाद्यांतून मधूनच कुठल्या तरी प्राण्याचा आवाज काढल्यासारखे काहीतरी करतो. ऐकणाऱ्याचा धीर सुटत आला की डेव्ह हॉलंडच्या बासवर 'इट्स अबाउट दॅट टाइम'ची ती घट्ट, फिरून फिरून येणारी ओळ उतरते, जॅक डीजॉनेटचे ड्रम तिला मिळतात आणि समेवर आल्यासारखे वाटते.

मॅसेरोच्या कात्रीला नावे ठेवण्याची मला घाई नाही. त्याच्या चारही बाजू वेगवान आणि गच्च आहेत. त्यांना ध्वनिमुद्रणाचा सारांश म्हणण्यापेक्षा नवी रचना म्हणणेच रास्त. पण त्या ऐकताना बासच्या ओळीपर्यंत आपण फार लवकर पोहोचतो, चाचपडणे भोगलेलेच नसल्यामुळे सापडण्याची गंमतही उणी पडते, आणि चार रात्रींची वाटचाल मुळात एकच होती हे कळायला वाव राहत नाही. तेव्हा अवघ्या १९ वर्षांचा असलेला सॅक्सोफोनवादक स्टीव्ह ग्रॉसमन तर पूर्ण लांबीतच नीट उमगतो. म्हणून माझे मत पेटीच्या बाजूने.

तक्रार एकच आहे. सीडीवर उरलेली जागा वाया जाऊ नये म्हणून त्याच वर्षीच्या एप्रिलमधल्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फिलमोर वेस्ट'मधील कार्यक्रमाचे काही तुकडे मागे जोडले आहेत. वादन उत्तम आहे. पण तेव्हा जॅरेट या वाद्यवृंदात नव्हता, त्यामुळे ऑर्गनला सरावलेल्या कानाला एकदम खड्डा पडल्यासारखा वाटतो. रोज शेवटी वाजणारी 'द थीम' संपली की मी हात लांबवून सीडी बंद करतो. ते तुकडे वेगळ्या दिवशी, वेगळ्या तयारीने ऐकावेत.