पिन काढून घातली की चालतंय

सकाळी सव्वासहाला करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेतनं फोन, सेक्रेटरी आण्णा. "सायेब, मशीन मधेच बंद पडलं आणि उठंना झालंय, माणसं किटल्या घेऊन रांगेत हुबी हायत." मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "थांबा, पिन काढून घातली की चालतंय." आणि खरंच चाललं. संध्याकाळी परत तेच.

आमचं गोकुळ शिरगावला छोटं युनिट हाय, दूध संकलनाच्या मशीनचे कंट्रोलर बोर्ड करतो, बूट फर्मवेअर, म्हणजे पॉवर दिल्यावर बोर्ड उठवणारा प्रोग्राम, माझ्याकडं. त्या लॉटला 16 एमबीची फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवायची मेमरी चिप, मिळाली नाही म्हणून 32 ची बसवलेली. पूर्ण टेस्ट म्हणजे लिनक्स वर येऊन, काटा नि फॅट मशीन जोडून पावती निघेपर्यंत, बोर्डाला वीसेक मिनिटं, आणि छोटे चेक दोन मिनिटांत, इमेज (फ्लॅशमध्ये भरायची फाइल) तिच्या ठरलेल्या पार्टिशनमध्ये मावते का, चेकसम (फाइल बिघडली नाही ना ते दाखवणारा आकडा) जुळतो का, फ्लॅशचा आयडी येतो का, लिनक्सच्या आधी चालणाऱ्या यू-बूटचा प्रॉम्प्ट येतो का. डिलिव्हरी तोंडावर होती, मीच सरांना म्हणलं छोटे चेक बास. ते चेक कामाचे हायत, महिन्याभरापूर्वीच त्यातल्या साइझच्या चेकनं एक फुगलेली इमेज अडवली होती, नाहीतर ती एन्व्हायर्नमेंटवर, म्हणजे यू-बूटच्या सेटिंगच्या जागेवर, चढली असती.

दुपारी बोर्ड टेबलावर घेतला, त्याचे मेसेज बघायला सिरियल जोडलं. पॉवर दिली, उठला. यू-बूटमधनं रीसेट दिला, उठला. दहादा दिला, दहादा उठला. मग लिनक्स पूर्ण वर येऊ दिलं आणि तिथनं रीबूट मारला. स्क्रीनवर शेवटची ओळ "रीबूट: रीस्टार्टिंग सिस्टिम", आणि पुढं काहीच नाही, नुसता कर्सर. पिन काढून घातली, उठला. त्या क्षणी आण्णांचं वाक्य डोक्यात वाजलं बघा.

झालं असं की फ्लॅशमधली जागा सांगायला तीन बाइटचा पत्ता दिला तर 16 एमबीपर्यंतच पोचता येतं, म्हणून 32 ची फ्लॅश दिसली की आमचा लिनक्स ड्रायव्हर तिला चार बाइटच्या मोडमध्ये टाकायचा. वॉचडॉगनं (मशीन अडकलं की रीसेट मारणारा टायमर) किंवा रीबूटनं प्रोसेसर रीसेट होतो, पण फ्लॅशची पॉवर जात नाही, ती त्याच मोडमध्ये राहते. बूट रॉम, म्हणजे प्रोसेसरमधला सगळ्यात आधी चालणारा पक्का प्रोग्राम, बिचारा तीनच बाइट देणार, फ्लॅश चौथ्याची वाट बघणार, मग सगळा डेटा सरकलेला, बूट करणार तरी काय? पॉवर गेली की फ्लॅश परत तीनवर. आमचा एकही छोटा चेक लिनक्सपर्यंत जात नव्हता, मग हे दिसणार कुठनं.

मोड न बदलता चार बाइटच्या पत्त्याची वेगळी रीड कमांड त्या चिपला चालते, ती वापरली. पुढच्या बोर्डाला फ्लॅशचा रीसेट पिन प्रोसेसरच्या रीसेटला जोडायला सांगितला. आता छोटे चेक प्रत्येक बदलाला चालतात, आणि रात्री एक बोर्ड पूर्ण उठून, रीबूट होऊन, वॉचडॉगनं पडून, रिलेनं पॉवर तोडून, चारी वाटांनी परत उठतो का ते बघतो. एकाच बोर्डावर, पण रोज.

त्या संस्थेत मी स्वतः गेलो अपडेट करायला. संकलन सुरू व्हायच्या आधी आण्णांच्या समोर पाच वेळा रीबूट मारला, ते पिनेवर हात ठेवूनच उभे होते. पाचव्यांदा उठल्यावर हात काढला आणि पहिली किटली काट्यावर ठिवायला सांगितली.