जाडीचा भाव

"ती जाड, दोनशे. ही बारीक आहे, साठ द्या."

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर पुस्तकवाल्याने असा भाव लावला आणि सोबतची कादंबरीकार मैत्रीण गप्पच झाली. बारीक कादंबरी तिची होती! (जाड माझी नव्हती, आधीच सांगतो.)

"निम्मी पानं कापली रे मी," चर्चगेटला पोचल्यावर म्हणाली. कापण्यातच तिचं वर्ष गेलेलं. तरी घासाघीस न करता स्वतःचंच पुस्तक विकत घेतलं बाईंनी.

पुस्तकवाल्याचं काय चुकलं म्हणा. प्रकाशकही किंमत पानांवरच ठरवतात. त्यापेक्षा ग्रंथालयं बरी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय तर 1898 पासूनचं. तिथे वर्गणी जाडी बघत नाही.

तुम्ही कुठल्या ग्रंथालयाचे सभासद आहात? की 'होतात'?